सीएस टू डाव्या हाताने: वर्षभराचा हिशेब, एका मेलेल्या माउससकट

सीएस टू, म्हणजे काउंटर-स्ट्राइक टू हा बंदुकांचा गेम, ठीक चाललाय, माउस गेला. एकदा दाबलं की दोनदा लागतं. गेममधल्या डेझर्ट ईगल पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये गोळ्या सातच, त्यातली प्रत्येक दुसरी छताला जायला लागली तेव्हा सर्व्हिस सेंटर गाठलं. काउंटरवरच्या मुलाने माउस हातात घेतला, तळ पाहिला, मग मला विचारलं, "सर, हा राइट क्लिक एवढा कसा झिजला?" मी डावरा आहे, बटणं अदलाबदल करून वापरतो, माझी गोळी उजव्या बटणातून सुटते. त्याने कॉम्प्युटरवर टाइप केलं: मिसयूज. खोक्यावर 'दोन्ही हातांसाठी' असं छापलंय, दोन वर्षांची वॉरंटी आहे आणि वापरून चौदा महिने झालेत. तरी मिसयूज. लहानपणी डाव्या हाताने प्रसाद घेतला म्हणून आजी हातावर चापट मारायची, तीसुद्धा इतकं बोलली नव्हती.

माउस २,३५० रुपयांचा. गेममध्ये पी९० ही बंदूक पण गेमच्या पैशांत २,३५० लाच मिळते. हा योगायोग पुढे कामाला येणार आहे.

ग्राफिक्स, सर्व्हर, चीटर यांवर मी काही लिहिणार नाही. त्यावर तुमचं भांडून झालेलं आहे. मला फक्त कीबोर्डवरच्या एका बटणाबद्दल बोलायचंय: एच.

सप्टेंबर २०२३ मध्ये सीएस टू आला तेव्हा बंदूक डाव्या हातात घ्यायची सोयच काढून टाकली होती. जुन्या सीएसमध्ये ती वर्षानुवर्षं होती. मी दोन राउंड खेळलो, अनइन्स्टॉल केला आणि पंच्याऐंशी जीबी जागा परत मिळाल्याचं समाधान मानलं. एप्रिल २०२४ च्या अपडेटमध्ये सोय परत आली, तीही खेळता खेळता हात बदलण्याच्या बटणासकट. बातमी माझ्यापर्यंत उशिरा पोचली, पण पोचली त्या रात्री पुन्हा डाउनलोड लावला. एच दाबलं, एके-४७ रायफल डाव्या हातात आली आणि उगाचच घरी आल्यासारखं वाटलं. पहिल्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

मग मी बंदुकीकडे नीट बघायला लागलो, आणि तिथे घोळ झाला.

एच दाबल्यावर बंदूक नुसती दुसऱ्या हातात जात नाही. आरशात दिसावी तशी अख्खी उलटते. खऱ्या एकेचा खटका (बोल्ट ओढायचा दांडा) उजवीकडे, रिकामी खोकी, म्हणजे गोळी सुटल्यावर उरणारी पितळी नळकांडी, पडतात तीही उजवीकडे. माझ्या स्क्रीनवर दोन्ही डावीकडे. म्हणजे कारखान्यातून अशी एके निघत नाही, ती फक्त माझ्यासाठी घडवलेली. यावर कुणी म्हणेल, तुला काय करायचंय, गोळी लागली ना? लागली. पण ज्याने शाळेत उजव्या हाताची कात्री वापरून कागद फाडलेत, त्याला विचारा.

सीएस १.६ या जुन्या आवृत्तीत तर गंमत याच्या उलट होती. तिथे उजव्या हातात धरलेल्या बऱ्याच बंदुकांचा खटका चुकीच्या बाजूला, म्हणजे डावीकडे होता. सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून आम्ही जी एके चालवली ती उलटीच होती आणि कुणालाही पत्ता नव्हता. डावा हात निवडला की ती सुलटी व्हायची. म्हणजे अख्ख्या कॅफेत खरी एके एकट्या माझ्याकडे होती! हे मला आत्ता, पस्तिशी ओलांडल्यावर कळलंय. तेव्हा कळलं असतं तर जरा मिरवलो असतो.

खऱ्या बंदुकीशी माझा संबंध पाच गोळ्यांचा. एनसीसीचा कॅम्प, पॉइंट टू-टू रायफल. पालथा झोपलो आणि बट (रायफलचा मागचा दस्ता) आपोआप डाव्या खांद्याला लागला. उस्तादांनी बुटाच्या टोकाने कोपर हलवलं, "दाहिने, दाहिने." त्यांचंही चूक नव्हतं. बोल्ट उजवीकडे, तो डावीकडून ओढायचा तर दर गोळीला हात रायफलवरून पलीकडे न्यायचा. बट उजव्या खांद्याला घेतला, पण माझा नेम धरणारा डोळाही डावा. निकाल असा की माझ्या टार्गेटवर चार भोकं आणि शेजारच्या पोराच्या टार्गेटवर सहा. त्याला पाचच गोळ्या दिल्या होत्या. नंतर गवतात रांगत खोकी शोधली, कारण पाच दिली तर पाच परत मोजून घेतात. तेव्हापासून खोकं कुठे पडतं याकडे माझं लक्ष असतं. सवय म्हणा, खोड म्हणा.

डावऱ्याचा खरा प्रश्न बुलपप बंदुकांचा. मॅगझिन चापाच्या मागे, त्यामुळे खोकं बाहेर पडायची खिडकी थेट गालाशी. उजव्या खांद्यावर असेल तर ठीक. डाव्या खांद्यावर घेतली की तापलेलं पितळ तोंडावर. गेममधल्या ऑग आणि फामास या दोन्ही याच जातीच्या. ऑस्ट्रियाच्या ऑगमध्ये डावऱ्यासाठी वेगळा बोल्ट घालून खिडकीचं झाकण दुसऱ्या बाजूला लावता येतं. फ्रेंच फामासमध्ये एक्स्ट्रॅक्टरची (खोकं ओढून काढणाऱ्या आकड्याची) बाजू बदलतात आणि गालाखालचा तुकडा पलीकडे सरकवतात. आपल्याकडे विशेष दलांच्या हातात दिसणारी इस्रायली ताव्होरही अशीच बदलून घेता येते. पण हे सगळं हत्यारखान्यात बसून, आधी ठरवून करायचं काम. लढता लढता एच दाबून नाही. आणि ब्रिटिशांची एल८५ तर डाव्या खांद्यावरून चालवूच नये अशी, त्यामुळे तिथल्या डावऱ्या शिपायांनाही उजवीकडूनच शिकवतात. रेनबो सिक्स सीज या दुसऱ्या गेममध्ये एसएएसवाले (ब्रिटिश कमांडो) ती घेऊन फिरतात. मी त्यांना घेतच नाही. निषेध.

एक बारीक गोष्ट दाखवतो. पुढच्या वेळी गेममध्ये हातात एम४ रायफल आली की खोक्यांच्या खिडकीच्या लगेच मागे बघा. तिथे तिरपा, छोटा उंचवटा आहे. अमेरिकन लोकांनी एम१६ए२ पासून तो आणला, कारण आधीच्या एम१६ ची खोकी डावऱ्यांच्या तोंडावर यायची. उंचवट्यावर आपटून खोकं पुढे फेकलं जातं. अख्ख्या बंदुकीत आमच्यासाठी केलेली एवढीच एक सोय, बोटाच्या पेराएवढी. आणि एच दाबलं की ती खिडकीसकट डावीकडे जाते, म्हणजे माझ्या गालापासून लांब. माझ्यासाठी केलेली सोय माझ्याच हातात निरुपयोगी. हे दिसलं त्या रात्री एकटाच हसत बसलो होतो. बायकोने विचारलं काय झालं. सांगायचा प्रयत्न केला. परत विचारलं नाही.

म्हणून मी पी९० वर आलो. हो, तीच, जिला सगळे 'नूब गन', म्हणजे नवशिक्यांची बंदूक म्हणतात. बेल्जियमच्या एफएन कंपनीची. मॅगझिन वरच्या बाजूला आडवं, पन्नास गोळ्या, आतल्या गोळ्या दिसाव्यात असं अर्धपारदर्शक. बोल्ट ओढायचे कान दोन्ही बाजूंना, सेफ्टीची चकती चापाच्या खाली. आणि मुख्य म्हणजे खोकी ना उजवीकडे ना डावीकडे, सरळ खाली पडतात. या बंदुकीला हात कुठला हे कळतच नाही, त्यामुळे आरशात उलटवली तरी तिच्यात खोटं असं फारसं काही होत नाही. सहा महिने बंदूक घ्यायला पैसे असलेल्या जवळपास प्रत्येक राउंडला हीच घेतली. टीममेट काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पैशाच्या अंगाने मात्र ती मला परवडली नाही, हे मान्य. गेममध्ये बाकीच्या एसएमजींना (छोट्या मशीनगनना) एक शत्रू मारल्याचे ६०० मिळतात, पी९० ला ३००. साडेतीनशे जास्त टाकले की २,७०० मध्ये एके येते आणि हेल्मेटवाल्याचं डोकंही एका गोळीत उडवते. मी भाजी घेताना दोन रुपयांसाठी थांबणारा माणूस, आणि इथे निव्वळ तत्त्वापायी राउंडमागून राउंड पैसे घालवत होतो.

सातव्या महिन्यात पुतण्याने माझं तत्त्वच काढून घेतलं. नववीत आहे. माझ्या मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "काका, पण गोळी बंदुकीतून निघतच नाही ना. कॅमेऱ्यातून निघते." खरं आहे. सीएसमध्ये गोळीचा हिशेब नळीच्या तोंडापासून नाही, डोळ्याच्या जागेपासून सुरू होतो. बंदूक समोर लावलेलं चित्र. हात डावा असो की उजवा, नेम तसूभर बदलत नाही. बदलतो फक्त स्क्रीनचा कुठला कोपरा झाकला जातो तेवढा. त्यासाठी एच कामाचं आहे हे नाकारत नाही. दाराच्या उजव्या कडेने बघायचं असेल तर बंदूक डावीकडे असलेली बरी. उजवे खेळाडूही आता तेवढ्यासाठी हात बदलतात. त्यांना आमच्या दुःखाशी देणंघेणं नाही. मी इतके महिने चित्राच्या डाव्या-उजव्यावरून भांडत होतो. एक तारा गेला.

मग माउस गेला, आणि ट्रॅकपॅडवर सीएस खेळणं म्हणजे झाऱ्याने पाणी पिणं. म्हणून जुन्या लॅपटॉपवर स्प्लिंटर सेल: केऑस थिअरी ही लपतछपत खेळायची गेम लावली. २००५ ची आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये फुकट वाटली तेव्हा घेऊन ठेवली होती. फुकट म्हटल्यावर मी सोडत नाही. गेम सावकाश, त्यामुळे ट्रॅकपॅडवर चालतो. पीसीवर चालण्याचा वेग माउसच्या चाकावर आहे, म्हणजे मला दोन बोटं पॅडवर इंचाइंचाने सरकवून गेमच्या नायकाला, सॅम फिशरला, चालवावं लागतं. कोपऱ्यात आवाजाची पट्टी असते: आजूबाजूला किती गोंगाट आणि तुमचा किती. बोटं जरा जास्त सरकली की पट्टी उसळते आणि पहारेकऱ्याची मान वळते.

आणि इथे मला माझी बंदूक सापडली. सॅमची रायफल एससी-२०के म्हणजे एफएनचीच एफ२०००, गेममध्ये नाव बदललेली. बुलपप, म्हणजे खिडकी गालाशी हवी. पण यात गालाशी खिडकी नाही. खोकी बंदुकीच्या आत एका बोळकांडीतून पुढे सरकतात आणि नळीच्या तोंडाजवळ बाहेर पडतात. पहिली काही तर आतच थांबतात, मागची येऊन ढकलेपर्यंत. डाव्या खांद्यावर घ्या, उजव्या खांद्यावर घ्या, गाल सुरक्षित. आणि केऑस थिअरीत कोपऱ्यावरून नेम धरताना सॅमला खांदा बदलता येतो! उजव्या खांद्यावरची रायफल डाव्यावर घेतो, तीच, न उलटवलेली. ऑग किंवा फामास घेऊन हे केलं असतं तर बिचाऱ्याचा गाल भाजला असता. ही रायफल निवडणाऱ्यांनी एवढा विचार केला होता की ती तेव्हा नवीन आणि अंतराळातली वाटायची म्हणून उचलली, हे मला माहीत नाही आणि विचारायचंही नाही. वीस वर्षांपूर्वीच्या फुकट गेममध्ये डावरेपण बरोबर आहे, एवढं मला पुरे.

एक तक्रार. खांदा बदलला तरी सॅम चांगली रायफल सोडून बहुतेक वेळ पिस्तुलावरच असतो, कारण दिवा फोडायला तेवढं पुरतं. तेही एफएनचं, फाइव्ह-सेव्हन. त्याच्या नेहमीच्या गोळ्या आवाजाच्या वेगापेक्षा जोरात जातात, मग सायलेन्सर लावूनही हवेत फटाका वाजणारच, असं म्हणून मी आधी त्याचा अर्धा तारा कापला होता. नंतर कळलं की एफएनने आवाजाच्या वेगाखालची वेगळी गोळीही काढली होती, एसबी१९३. अर्धा तारा परत.

एकूण: सीएस टू साडेतीन, केऑस थिअरी साडेचार, सर्व्हिस सेंटर शून्य.

ता. क. काल माउसचा निकाल लागला. तीन ईमेल आणि फोनवर एकदा आवाज चढवल्यानंतर त्यांनी वॉरंटी मानली. जुनं मॉडेल बंद झालंय म्हणून 'अपग्रेड' पाठवलं. खोकं उघडलं. बाजूला अंगठ्यासाठी मऊ रबराची खोलगट खाच आहे, डावीकडे. फक्त उजव्या हाताचा माउस. कुणाला हवा असेल तर सांगा, एकदाही लावलेला नाही, १,८०० ला देईन.