हायपरसॉनिक बाउंडरी लेयरचा ऑनलाइन कोर्स केला, पैसे वसूल झाले का?

आधीच सांगतो, कोर्सचं नाव देणार नाहीये, पुढे तक्रारी आहेत आणि उगाच कोणाशी पंगा नको. विषय म्हणजे आवाजाच्या पाचपटीहून जास्त वेगाने उडणाऱ्या वस्तूच्या पृष्ठभागाला लागून वाहणारा हवेचा पातळ थर. परदेशातले एक रिटायर्ड प्रोफेसर शिकवतात, आठ आठवडे, दर शनिवारी आपल्याकडच्या रात्री साडेनऊला, फी साडेअठरा हजार. मी पुण्यात सीएफडीचं (कॉम्प्युटरवर हवेचा प्रवाह सोडवायचं) काम करतो, दिवसभर मेश आणि कन्व्हर्जन्स, त्यामुळे ट्रान्झिशन म्हणजे माझ्यासाठी सॉल्व्हरमध्ये टिक करायचा एक चौकोन होता. थरातला फ्लो लॅमिनारचा (शांत, पदरापदराने वाहणारा) टर्ब्युलंट (खळबळता) कुठे होतो हे मॉडेल सांगतं, आपण पुढे जायचं. बायको म्हणाली एवढ्या पैशात फ्रीजचा हप्ता गेला असता.

पहिले दोन आठवडे दीडपट स्पीडने पळवा. टोलमीन-श्लिक्टिंग लाटा, ऑर-सॉमरफेल्ड समीकरण, ब्लाझियस प्रोफाइलचा ५२० चा क्रिटिकल रेनॉल्ड्स नंबर, हे सगळं एमटेकला घोटलेलं असतंच. फक्त आपल्या सतीश धवन आणि रोद्दम नरसिंह या शास्त्रज्ञांच्या १९५८ च्या ट्रान्झिशनवरच्या पेपरचं नाव निघालं तेव्हा जरा कॉलर ताठ झाली.

तिसऱ्या आठवड्यात मास्तर रंगात आले. ऑगस्ट २००५, डिस्कव्हरी शटल वर फिरतंय, पोटाखालच्या टाइल्सच्या फटीतून गॅप फिलरच्या दोन पट्ट्या बाहेर आलेल्या, जेमतेम इंचभर. एवढ्याशासाठी स्टीव्ह रॉबिन्सनला स्पेसवॉक करून यानाच्या पोटाखाली पाठवलं आणि त्याने त्या हाताने उपटून काढल्या. कारण परतीच्या वाटेवर तेवढ्या उंचवट्याने थर लवकर टर्ब्युलंट झाला की त्याच्या मागच्या टाइल्सवर उष्णता कित्येक पटीने वाढते. आणि मग २००९ मध्ये नासाने त्याच डिस्कव्हरीच्या एका टाइलवर मुद्दाम पाव इंचाचा उंचवटा बसवून उडवलं, मोजायला! मी रात्री अकराला पोरीला उठवून सांगणार होतो.

चौथा आठवडा म्हणजे कोर्सचा जीव. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या लेस्ली मॅकने गणितातून दाखवलेला सेकंड मोड, म्हणजे थरात वाढत जाऊन त्याला टर्ब्युलंट करणाऱ्या लाटेचा दुसरा प्रकार. उष्णतारोधक सपाट प्लेटवर साधारण माक ४ च्या (आवाजाच्या चौपट वेगाच्या) पुढे हाच दादा. भानगड अशी की लाटेच्या नजरेतून बघितलं तर भिंतीलगतचा फ्लो सुपरसॉनिक असतो, त्यामुळे भिंत आणि वरची सॉनिक रेषा यांच्यामध्ये आवाज अडकतो आणि आपटत राहतो, पेठेतल्या अरुंद बोळात ढोलपथक शिरल्यावर होतं ना तसं, फक्त इथे बोळ दीड मिलिमीटरचा. वेग भागिले जाडीच्या दुप्पट एवढी साधारण फ्रिक्वेन्सी, म्हणजे बाहेरचा वेग ८५० मीटर प्रति सेकंद धरला तर २८० किलोहर्ट्झच्या आसपास, कुत्र्यालाही ऐकू येणार नाही. आणि भिंत थंड केली तर फर्स्ट मोड शांत होतो पण हा उलटा माजतो! इतकी वर्षं मी 'थंड भिंत म्हणजे स्थिर थर' असं ज्युनिअर पोरांना ठोकून सांगत होतो.

आता पाचव्या आठवड्याची असाइनमेंट. माक ६, सपाट प्लेट, लाट किती पट वाढते ते काढा. माझ्याकडे सीएफडीचं सोल्युशन तयारच होतं, म्हटलं प्रोफाइल (भिंतीपासून वर वेग आणि तापमान कसं बदलतं ते) तिथून उचलू, लिनिअर इंटरपोलेशन करू, झोपू. तीन रात्री गेल्या. नसलेल्या जागी मोड दिसायचे, ग्रिड बदलला की एन (लाट किती वाढली त्याचा आकडा) बदलायचा. प्रोफाइल स्क्रीनवर लोण्यासारखं गुळगुळीत, पण तिसऱ्या रात्री त्याचं दुसरं डेरिव्हेटिव्ह प्लॉट केलं तर चक्क करवतीचे दात. आणि ही समीकरणं नेमकी त्या डेरिव्हेटिव्हवरच जगतात. शेवटी प्रोफाइल थेट देणारी सिमिलॅरिटी समीकरणं कडक टॉलरन्सने सोडवली, लाटेचा कोड ज्या बिंदूंवर चालतो त्या चेबिशेव्ह पॉइंट्सवरच, आणि उत्तर जागेवर बसलं. एन म्हणजे ई (२.७१८) चा घातांक असल्याने ९ ला लाट साधारण ८१०० पट होते आणि १० ला २२००० पट, एका आकड्याची चूक म्हणजे किती ते बघा. या एका असाइनमेंटसाठी मी परत पैसे भरेन.

त्याच आठवड्याच्या नोट्समध्ये मात्र मधेच अल्फाच्या (लाटेच्या वेव्हनंबरच्या) इमॅजिनरी भागाचं, म्हणजे लाट वाढते की विरते ते सांगणाऱ्या आकड्याचं, चिन्ह बदललंय, आधी ऋण म्हणजे वाढ, चार पानांनी धन म्हणजे वाढ, कुठेही सांगितलेलं नाही. शंकांच्या ग्रुपवर विचारलं तर अकरा दिवसांनी उत्तर आलं, तेही 'नोट्स पुन्हा वाचा'. रेकॉर्डिंग इतकं धुरकट की फळ्यावरचा अल्फा आणि ए एकच दिसतात.

सातव्यात कॅलटेकच्या टी-५ विंड टनेलमधला शंकू दाखवला, अर्धा गुळगुळीत, अर्ध्याला ६० मायक्रॉनची असंख्य भोकं, भोकं आवाज पितात आणि त्या बाजूला ट्रान्झिशन लांबतं. मस्त. साध्या टनेलमध्ये नोझलच्या भिंतींवरचा टर्ब्युलंट थरच गोंगाट करतो म्हणून पर्ड्यूसारखे शांत टनेल बांधावे लागले, हेही नीट समजावलं. ट्रान्झिएंट ग्रोथ (थरातल्या खळबळीची तात्पुरती वाढ) आणि खडबडीत पृष्ठभाग मात्र शेवटच्या वीस मिनिटांत कोंबले, जे मला ऑफिसात सगळ्यात जास्त लागतं.

पाचपैकी साडेतीन. कोड स्वतः लिहायची तयारी असेल तरच घ्या, नुसत्या रंगीत चित्रांसाठी नको. आणि पाचव्या आठवड्याच्या नोट्स उघडाल तेव्हा पान १४ नंतर चिन्ह स्वतः तपासा, माझा एक अख्खा रविवार त्यात गेलाय.