घडीचा चाकू: स्पार्टन घ्यावा की ओपिनेल?

चाकू बघायच्या आधी घरात रोज काय कापलं जातं ते बघा. आमच्याकडे कुरिअरची खोकी, सुतळी, दुधाची पिशवी, डब्यात न्यायचा पेरू, आणि गणपतीच्या आधी आठवडाभर मखराचा पुठ्ठा. खरी परीक्षा पुठ्ठ्याची. तिथे पातं नुसतं ओढून भागत नाही, टोक खुपसावं लागतं.

म्हणून पहिला प्रश्न लॉकचा. व्हिक्टोरिनॉक्सच्या स्पार्टनला (मिटल्यावर लांबी ९१ मिलिमीटर) लॉक नसतं. पातं स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं. ओढून कापताना अडचण नाही, पण खुपसताना ते मिटू शकतं, आणि मिटतं ते बोटांवरच. माझ्या बहिणीला मखर करताना अशाच एका बिनलॉकच्या चाकूने दोन टाके पडले. ओपिनेलच्या आठ नंबरला मुठीच्या तोंडाशी धातूचं कडं असतं, ते फिरवलं की पातं मिटत नाही. ही सोय १९५५ पासूनची, आणि अगदी साधी. पातं साडेआठ सेंटिमीटर आणि पातळ, त्यामुळे पेरू-टोमॅटोला तो स्पार्टनपेक्षा कितीतरी सरस.

अडचण आपल्या पावसाळ्याची. ओपिनेलची बीचच्या लाकडाची मूठ दमट हवेत फुगते आणि पातं नखाने उघडेनासं होतं. अशा वेळी मिटलेल्या चाकूच्या मुठीचं मागचं टोक टेबलावर हलकेच आपटायचं, पातं थोडं वर येतं. सिंकमध्ये तो भिजत टाकायचा नाही, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करायचा. कार्बन स्टीलचं पातं लिंबू, कैरी, कांद्याने काळवंडतं आणि रात्रभर ओलं राहिलं तर गंजतं. पात्यावर ‘इनॉक्स’ लिहिलेला, म्हणजे स्टेनलेस, तोच घ्या. घरात एकच चाकू ठेवायचा झाला तर मी हाच घेईन.

स्पार्टनची बाजू वेगळी: डबा उघडायचं हत्यार, स्क्रू ड्रायव्हर, काटा काढायचा चिमटा. कात्री मात्र त्यात नाही. ती हवी तर व्हिक्टोरिनॉक्सचाच, त्याच लांबीचा क्लाइंबर बघा. नळाखाली धुवून, नीट पुसून, सांध्यात तेलाचा थेंब सोडला की झालं.

पुण्यात बोहरी आळीत बिननावाचे लॉकवाले चाकूही स्वस्तात दिसतील. दुकानातच उघडून पात्याच्या पाठीवर हलका दाब द्या. लॉक जरा जरी सरकलं, पातं डगमगलं, तर परत ठेवा.

धारवाल्याच्या कोरड्या चाकावर पातळ पातं देऊ नका. ते तापतं, कडेला निळसर डाग येतो आणि तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. मग धार टिकत नाही. १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या खरखरीतपणाचा आकडा) दगड ओला करून घरीच लावा. आणि लोहगावहून विमानाने जाणार असाल तर आदल्या रात्रीच हँडबॅग तपासा, चाकू चेक-इनच्या सामानात टाका.