खाकी ड्रेसखाली क्रोशाचा कप : वापरून सांगते

मी एसटीत वाहक आहे. कॅन्सरमुळे माझी डावी छाती पूर्ण काढली, काखेतल्या ग्रंथीही काढल्या, मग केमो आणि रेडिएशन झालं. आता पुन्हा गाडीवर आहे. काढलेल्या छातीच्या जागी ब्रामध्ये कप ठेवावा लागतो. रोजच्या ड्युटीला सुती दोऱ्याचा, क्रोशाने विणलेला कप घालते आणि सिलिकॉनचा लग्नकार्यासाठी ठेवते. दोन्ही भरपूर वापरले आहेत. उभं राहून, घाम गाळून काम करणाऱ्या बायकांना माझं सांगणं असं, की पहिले पैसे सिलिकॉनवर घालू नका.

तरी सिलिकॉनबद्दल आधी सांगते, कारण दवाखान्यातून बाहेर पडलं की सगळे तेच सुचवतात. मी तो शहरातल्या एका सर्जिकल सामानाच्या दुकानातून घेतला. साडेसहा हजार रुपये. वस्तू चांगली आहे. हाताला खऱ्यासारखी लागते, वजन दुसऱ्या बाजूइतकं असतं, त्यामुळे दोन्ही खांदे सारखे राहतात आणि पाठ एकीकडे ओढत नाही. साडी नेसली की कुणाला काही कळत नाही. पण दुकानात काउंटरवर चार गिऱ्हाइकांसमोर खोका उघडून ‘साइज कोणता?’ असं विचारलं, घालून बघायला आडोसा नव्हता, मापं घ्यायला बाई नव्हती. काठ्या-कुबड्यांच्या शेजारी उभं राहून बाईने छातीचं माप सांगायचं, हे मला अजिबात मान्य नाही. जाण्याआधी फोन करून बाई आहे का, खोली आहे का, एवढं विचाराच. नसेल तर दुसरं दुकान बघा. मापात बसलेला कप आणि नुसता विकत आणलेला कप यांत फार फरक असतो.

मला नडला तो उकाडा. एप्रिलमध्ये सातारा-फलटण गाडीत दुपारी सिलिकॉनखाली घाम साचतो, आणि रेडिएशन झालेली कातडी आधीच नाजूक असते. तिथे पुरळ उठलं की ड्युटी संपेपर्यंत खाज सोसायची. शिवाय टोकदार वस्तूची भीती. माझ्या ड्रेसच्या डाव्या खिशात पेन असतं आणि साडीच्या दिवशी पदराला छातीपाशी सेफ्टी पिन लावायची जुनी सवय. सिलिकॉनच्या वरच्या पातळ आवरणाला भोक पडलं की आतला जेल बाहेर येतो आणि कप गेलाच. रोज सौम्य साबणाने धुवायचा, टिपून कोरडा करायचा, आकार बिघडू नये म्हणून त्याच्याच डब्यात ठेवायचा. पहाटेच्या ड्युटीला निघताना हे सगळं नीट होत नाही.

आता क्रोशाचा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बार्बरा डेमोरेस्ट यांचं २०११ मध्ये हेच ऑपरेशन झालं. त्यांच्यासाठी मैत्रिणीने असा एक कप विणून दिला आणि पुढे त्यांनी ‘निटेड नॉकर्स’ नावाने हे काम जगभर पसरवलं. विणणाऱ्या बायका स्वयंसेवक असतात आणि कपाचे पैसे घेत नाहीत. आपल्याकडे मुंबईची साईशा इंडिया ही संस्था हे काम करते. मला माझ्या नणंदेने सांगितलं. माप कळवलं, पुडकं घरी आलं. आत मऊ सुती दोऱ्याचा कप, फिकट गुलाबी, आणि भरायला हलका कृत्रिम कापूस. पाठीमागच्या बाजूला छोटं तोंड असतं. तिथून कापूस कमी-जास्त करता येतो. ही सोय फार मोलाची आहे, कारण केमोमध्ये वजन उतरू शकतं, नंतर गोळ्यांनी वाढू शकतं, आणि प्रत्येक वेळी नवा कप कोण घेणार? मी थोडा थोडा कापूस काढत आरशासमोर दुसऱ्या बाजूशी जुळवला.

तो पुडक्यातून हातात घेतला तेव्हा मला रडू आलं. कुणीतरी ओळखदेख नसताना बसून एवढं बारीक विणलं होतं.

अंगाला लागतं ते फक्त सूत, त्यामुळे कातडीला त्रास नाही. घाम शोषला जातो. घरी आल्यावर कापूस काढून कप हाताने धुते, टॉवेलात दाबते आणि सावलीत आडवा वाळवते. दोन असले तर एक वाळेपर्यंत दुसरा वापरता येतो. पिन लागली तरी काही होत नाही.

सुती कप हलका असतो, ही त्याची खरी अडचण. वजन नसल्यामुळे त्या बाजूची ब्रा वर सरकते, आणि गाडीत वरची दांडी धरायला हात उचलला की आणखी वर जाते. दुपारपर्यंत एक बाजू उंच, एक बाजू खाली. यावर मी केलेला उपाय सांगते. कृष्णेच्या काठचे चार-पाच गुळगुळीत चपटे खडे स्वच्छ धुऊन कापडाच्या छोट्या पिशवीत शिवले आणि ती पिशवी कपात खालच्या बाजूला, कापसाच्या मधोमध ठेवली. पिशवी अंगाच्या बाजूला येऊ देऊ नका, टोचेल. धुताना काढायची. आता कप जागेवर राहतो. पण ज्यांची दुसरी छाती जड आहे त्यांना एवढ्याने भागणार नाही. वजन एकाच बाजूला राहिलं तर मान आणि पाठ दुखते. त्यांनी सिलिकॉनचाच विचार करावा, निदान दिवसातल्या काही तासांसाठी.

कपाइतकीच ब्रा महत्त्वाची. कप ठेवायला आतून खिसा असलेली तयार ब्रा मिळते, मला नऊशेला पडली. नंतर मी साधी सुती, बिनतारेची, रुंद पट्ट्यांची ब्रा घेऊन आमच्या गल्लीतल्या टेलर काकूंकडे गेले. खिसा कसा हवा ते सांगायला मला जड जात होतं. काकूंनी दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, ‘ताई, जुनी ब्रा द्या, मी त्यावरून माप काढते. खिशाचं तोंड काखेच्या बाजूला ठेवते, म्हणजे कप घालाय-काढायला सोपा, आणि पुढून बाहेर यायचा नाही.’ मऊ मलमलचा खिसा, शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे व्रणावर घासत नाही. एका खिशाचे चाळीस रुपये घेतले. तयार खिशाच्या ब्रापेक्षा हीच मला जास्त आवडते.

ब्लाउजही त्यांनीच बदलून दिले. पुढून हूक, कारण हात मागे नेऊन हूक लावणं अजूनही जमत नाही. डावी बाही अर्ध्या इंचाने सैल. ज्यांच्या काखेतल्या ग्रंथी काढल्या आहेत त्यांनी हे विसरू नये: त्या हाताला सूज येण्याचा धोका कायम राहतो, म्हणून घट्ट बाही, घट्ट बांगड्या, आवळणारं इलॅस्टिक त्या हातावर नको. सूज दिसलीच तर डॉक्टरांना दाखवा, बाही सैल करून गप्प बसू नका. गळा थोडा वर घेतला आणि मुंढा जरा वर बसवला, कारण ऑपरेशननंतर काखेपाशी खळगा पडतो आणि खोल मुंढ्यातून तो दिसतो. पिनअप केलेल्या पदरात डावीकडून ब्लाउज उघडा दिसतो, म्हणून ज्यांची डावी बाजू काढली आहे त्यांनी मुंढ्याकडे जास्त लक्ष द्यावं. मी आता पदर मोकळा सोडून उजव्या खांद्यावरून पुढे घेते. आमच्याकडे ही पद्धत जुनीच आहे आणि मला ती शोभतेही.

ड्रेसचं सांगायचं तर खाकी कापड जाड असतं, त्याखाली कपाची कड उमटत नाही. त्रास झाला तो पैशांच्या बॅगेच्या पट्ट्याचा. आडवा घेतला की पट्टा बरोबर कपावरून जातो आणि गर्दीत धक्का बसला की कप फिरतो. आता बॅग उजव्या खांद्यावरून सरळ खाली सोडते. डाव्या खांद्यावर वजन तसंही टाकायचं नाही. तिकीट मशीन उजव्या हातात. सुरुवातीला माणसं चढायला लागली की माझा डावा हात आपोआप छातीवर जायचा. कप खिशात घट्ट बसायला लागल्यापासून तो हात तिकिटांसाठी मोकळा झाला आहे. भरलेल्या गाडीत पुढपासून मागपर्यंत मी पूर्वीसारखी जाते.

हे सगळं टाके भरून डॉक्टरांनी होकार दिल्यानंतरचं. त्याआधी, ऑपरेशनच्या जागी साचणारं पाणी काढायला नळी आणि बाटली लावलेली असते त्या दिवसांत, पुढून पूर्ण उघडणारा सुती गाउन शिवून घ्या आणि बाटली ठेवायला आतून खिसा लावा, म्हणजे ती हातात धरून फिरावं लागत नाही. रेडिएशन चालू असताना मी ब्रा सोडूनच दिली होती, फक्त सैल मलमलचा झबला घालत होते. त्या काळात कुणी ‘बाहेर जाताना काहीतरी घाल’ म्हणालं तर वरून ओढणी घ्या, कातडी घासू देऊ नका.

कप मागवायचा असेल तर ब्रा आणि कपाचं माप, कोणती बाजू, एक की दोन, एवढं लिहून ठेवा. माप ऑपरेशनच्या आधीचं नको, आत्ताचं घ्या. परवडत असेल तर संस्थेला देणगी द्या, आणि क्रोशा येत असेल तर विणायला बसा. माझी नणंद आता विणते आहे, तिचा पहिला कप जवळजवळ पूर्ण झाला आहे.