तुलूझहून कोणत्या समुद्राकडे?

फ्रान्समध्ये आठवडाभर सायकल चालवायची आहे, पण मागून हॉर्न ऐकू यायला नको, असं कुणी म्हटलं की बहुतेक जण पहिल्यांदा एकच नाव घेतात: कनाल द्यु मिदी, म्हणजे दक्षिणेतला मिदीचा कालवा. फोटोही तसेच असतात. हिरवट पाणी, वर झाडांची कमान, संथ चाललेली एखादी नाव. नाव मोठं आहे आणि त्यात खोटं काही नाही. पण पॅनियर (सायकलच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या) लादून सहा दिवस सॅडलवर काढायचे असतील, तर चाकाखाली काय आहे ते आधी पाहावं. तिथे मिदीचा धाकटा भाऊ, कनाल द गारोन, त्याला सहज मागे टाकतो.

दोन फ्रेंच शब्द आधी नीट कळले तर पुढचा गोंधळ वाचतो. 'व्होआ व्हेर्त' म्हणजे मोटारींना मज्जाव असलेली वाट. २००४ पासून फ्रान्सच्या वाहतूक नियमांतच तिची व्याख्या आहे: पायी चालणारे, विनामोटार वाहनं आणि घोडेस्वार. 'व्हेलोरूत' म्हणजे सायकलस्वारांसाठी पाट्या लावून दिलेला लांब पल्ल्याचा मार्ग. त्यात व्होआ व्हेर्तचे तुकडे असतात आणि मधेमधे गावातले कमी रहदारीचे साधे रस्तेही. माहितीपत्रकावर 'सायकलमार्ग' एवढंच छापलेलं असतं, त्यामुळे फरक तिथे गेल्यावर कळतो.

आता तुलूझ, नैर्ऋत्य फ्रान्समधलं शहर. इथून अटलांटिककडे, म्हणजे बोर्दोच्या दिशेने, गारोनचा कालवा जातो आणि भूमध्य समुद्राकडे, सेतच्या बाजूला, मिदीचा. दोन्ही मिळून एक लांब मार्ग होतो, रोआयाँ ते सेत असा सुमारे ७५० किलोमीटरचा. हाताशी तीन आठवडे असतील तर प्रश्नच नाही. आपल्याकडे रजा दहा-बारा दिवसांची, त्यातले दोन विमानात जाणार, म्हणून निवड करावी लागते.

मिदीची बाजू आधी. प्येर-पोल रिके याने १६६६ ते १६८१ या काळात २४० किलोमीटरचा हा कालवा खोदवून घेतला आणि १९९६ मध्ये तो युनेस्कोच्या यादीत आला. वर चढवलेल्या नावा खाली उतरवायच्या तर पाण्याच्या पायऱ्या लागतात. हे लॉक इथे लंबगोल आहेत, कारण बाहेरच्या मातीचा दाब सरळ भिंतीपेक्षा कमानदार भिंत चांगला पेलते. बेझिएजवळ फोंसेरानला अशा लॉकची अख्खी उतरंड आहे, आणि तिच्या थोडं अलीकडे मालपासचा बोगदा, १६७९ सालचा. इंजिनिअरिंगची आवड असेल तर गारोनकडे याच्या तोडीचं काही नाही, हे मान्य.

पण वाट? तुलूझपासून पोर-लोरागेपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर डांबरी आणि गुळगुळीत आहेत. लोक हा पहिला दिवस संपवून घरी फोन करतात आणि पुढेही असंच असेल असं सांगतात. नोरूझच्या उंचवट्यानंतर, जिथून पाणी दोन समुद्रांकडे वेगळं होतं (उंची जेमतेम १९० मीटर, त्यामुळे चढाची भीती नको) ओद जिल्हा लागतो आणि पूर्वी घोडे नावा ओढत चालायचे ती मातीची वाट सुरू होते. काही टप्पे आता सुधारलेत, पण कार्कासोनच्या पुढे बऱ्याच ठिकाणी एका चाकापुरती पायवाट आणि तिच्यात आडवी आलेली झाडांची मुळं. पाऊस झाला की चिखल. २८ मिलिमीटरच्या टायरवर हे करू नये. ४० किंवा त्याहून रुंद घ्यावेत. शेजारी पाणी, मध्ये कठडा नाही, हेही लक्षात असू द्या.

आणि ती फोटोतली कमान. चिनारच्या कुळातली ही प्लेनची झाडं कालव्याकाठी ४२ हजारांच्या घरात होती. २००६ मध्ये त्यांना लागलेला एक बुरशीजन्य रोग इथे सापडला. त्याला औषध नाही, लागलेलं झाड तोडून जाळावंच लागतं. हजारो झाडं गेली, जागी दुसऱ्या जातींची रोपं लावताहेत. ती वाढतील, पण तोवर जुलैच्या उन्हात काही लांबलचक पट्टे उघडे आहेत. जुने फोटो पाहून तारखा ठरवू नका.

गारोनचा कालवा १८५६ मध्ये पूर्ण झाला. बिचाऱ्याचं नशीब असं की पुढच्याच वर्षी बोर्दोपासून सेतपर्यंत रेल्वे धावू लागली आणि मालवाहतूक तिकडे गेली. आजच्या सायकलवाल्याला मात्र तीच रेल्वे वरदान आहे. मोंतोबाँ, म्वासाक, आजें, मारमांद ही स्टेशनं कालव्यालगत किंवा जवळच लागतात. गुडघा दुखला, पाऊस लागला, कुणी रुसलं, तर अर्ध्या दिवसात पुढच्या गावी. मिदीवर कार्कासोन ते बेझिए या पट्ट्यात कालवा रेल्वेपासून दूर वळसा घालतो, तिथे ही सोय नाही.

तुलूझपासून कास्ते-आँ-दोर्तपर्यंत कालव्याचे १९३ किलोमीटर, आणि जवळजवळ सगळी वाट डांबरी. वर सावली आहे. एकसुरीपणाची तक्रार होते, ती खरी आहे. सरळ पाणी, सरळ झाडं, दुपारी डोळे मिटायला लागतात. पण मधे थांबायला जागा पाहा. म्वासाकच्या मठातला कोरीव खांबांचा चौक इ. स. ११०० चा. आजेंला कालवाच नदीवरून जातो: ५३९ मीटर लांब, २३ कमानींचा दगडी पूल, खाली गारोन, वर पाणी, आणि पाण्याच्या कडेने आपण सायकलवर. ल मास-दाजने या छोट्या गावच्या चर्चमध्ये रेम्ब्राँचं १६३१ सालचं अस्सल चित्र आहे. पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये चित्रासमोरच्या गर्दीत टाचा उंच कराव्या लागतात, इथे ती वेळ येत नाही. गोल्फेशच्या अणुवीज केंद्राचे वाफ सोडणारे मनोरे मात्र फोटोत नको असले तरी येतातच.

कालवा संपल्यावर सोव्हतेर-द-ग्वियेनपर्यंत थोडे साधे रस्ते आणि लहानसे चढ लागतात. पुढे जुन्या रेल्वेमार्गावरची व्होआ व्हेर्त थेट बोर्दोच्या वेशीपर्यंत नेते. तिला रोजे लापेबी याचं नाव आहे, १९३७ चा तूर द फ्रान्स जिंकणारा. तुलूझ ते बोर्दो, रमतगमत पाच-सहा दिवस. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हेच सांगेन.

वाऱ्याचा हिशेब मात्र मिदीच्या बाजूने आहे. ओदमध्ये वायव्येकडून येणारा 'सेर्स' सेतकडे जाताना पाठीवर असतो, आणि तो जोरदार असतो. उलट, सेतहून तुलूझकडे येण्याचा बेत आखला तर तोच दिवसभर तोंडावर. आग्नेयेचा 'ओताँ' सुटला तर हिशेब उलटा. गारोनवर पश्चिमेचा वारा समोरून येतो, झाडं बरीचशी अडवतात.

लहान मुलं बरोबर असतील तर दोन्ही कालवे सोडा आणि बुर्गोन्यला (बर्गंडी) जा. जिव्री ते क्लुनी हा ४४ किलोमीटरचा जुना रेल्वेमार्ग १९९७ मध्ये व्होआ व्हेर्त झाला, फ्रान्समधला अशा प्रकारचा पहिला. डांबरी, पाण्याची कड नाही, चढ आगगाडीला झेपतील एवढेच. द्राक्षमळे, कोर्माताँचा वाडा, क्लुनीचा इ. स. ९१० मध्ये स्थापन झालेला मठ. पुढे माकाँकडे जाताना ब्वा-क्लेरचा १.६ किलोमीटरचा बोगदा लागतो. हिवाळ्यात तो वटवाघळांच्या झोपेसाठी बंद ठेवतात. आठवडाभर पुरेल एवढं मात्र इथे नाही. तीन-चार दिवसांचं काम.

ल्वार-आ-व्हेलो, म्हणजे ल्वार नदीकाठचा सायकलमार्ग, ९०० किलोमीटर, सर्वांत प्रसिद्ध आणि सोयींच्या बाबतीत सर्वांत तयार. आँब्वाझ, शाँबोर, व्हिलांद्री. पण हा व्हेलोरूत आहे. बराच भाग शांत गावरस्त्यांवर, जिथे अधूनमधून गाडी येतेच. राजवाडे पाहायचे असतील तर ल्वार, गाड्या नकोतच असतील तर नाही.

ब्रेतान्यमधला (ब्रिटनी) नाँत-ब्रेस्त कालवा एकांतासाठी. ३६४ किलोमीटर, इंग्रजांच्या नौदलाला टाळून माल ब्रेस्तला पोचवावा म्हणून नेपोलियनच्या काळात आखलेला. वाट खडी दाबून केलेली, पाऊस भरपूर. पुण्या-मुंबईचे ब्रेव्हेवाले (ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठणारे सायकलस्वार) पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसच्या निमित्ताने याच मुलखातून जातात, पण ९० तासांत १२०० किलोमीटर संपवायचे असताना कालवा कोण बघतो!

खाण्याचं. खेड्यात जेवण बारा ते दोन, त्यानंतर स्वयंपाकघर बंद. रविवार दुपार आणि सोमवार दुकानंही बंद, म्हणून शनिवारीच पाव, चीज, टोमॅटो भरून घ्या. कास्तेलनोदारीचा 'कासुले' दिसायला पांढऱ्या पावट्याच्या उसळीसारखा असतो, आत बदक आणि सॉसेज असतं; शाकाहाऱ्यांनी फसू नये. मेतकूट, चटण्या न्या, तुपाची बरणी नको, भारतातून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. पाण्याची बाटली रिकामी झाली आणि गाव झोपलेलं असेल तर दफनभूमी शोधा. फुलांना घालायला तिथे नळ असतोच, फक्त वर 'ओ नों पोताब्ल' (पिण्यायोग्य पाणी नाही) अशी पाटी नाही ना, ते पाहा.

जायचं ते मे, जून किंवा सप्टेंबरमध्ये. टीजीव्हीत (फ्रान्सची वेगवान रेल्वे) सायकलसाठी जागा मोजक्या गाड्यांत, आणि ती आधी राखून ठेवावी लागते. तुलूझलाच भाड्याची सायकल घेऊन बोर्दोला सोडता येत असेल तर ही सगळी कटकट वाचते.