संपलेल्या आवृत्तीचं ई-बुक: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझं सह्याद्रीतल्या भटकंतीचं पुस्तक 2009 साली एका छोट्या प्रकाशकाने काढलं होतं. हजार प्रतींची आवृत्ती, ती रडतखडत संपली, आणि दुसरी काही निघाली नाही. मराठीत हे इतकं सर्रास घडतं की त्याची तक्रार करण्यातही अर्थ नाही. कागदाला पैसे पडतात, गोदामाला भाडं पडतं, आणि जुन्या पुस्तकासाठी ते कोण घालणार? गेल्या पावसाळ्यात तेच पुस्तक मी स्वतः ॲमेझॉनच्या किंडलवर ई-बुक म्हणून आणलं. त्याच सुमारास सहा इंची ई-रीडरही घेतला, कारण आपण जे विकतोय ते वाचणाऱ्याला कसं दिसतं हे लेखकाला कळायला हवं. आता या दोन्ही गोष्टी पुरेशा वापरून झाल्या आहेत, म्हणून लिहितोय. यंत्राच्या कंपनीचं नाव देत नाही. जे सांगणार आहे ते ई-इंकच्या, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याच्या, बहुतेक यंत्रांना लागू आहे.

आधी हक्कांचं सांगतो, कारण लेखक नेमकं हेच शेवटी बघतात. माझ्या करारात मुदत लिहिलेलीच नव्हती. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार मुदत नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. 2012 च्या दुरुस्तीत आणखी एक उपयोगी गोष्ट आली: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत. तरीसुद्धा मी प्रकाशकांना भेटलो आणि दोन ओळींचं ना-हरकत पत्र घेतलं. कायदा आपल्या बाजूने असला तरी माणसं पुढच्या प्रकाशन समारंभात भेटणारच असतात. मुखपृष्ठ मात्र प्रकाशकांचंही नव्हतं, ते चित्रकाराचं. त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागली.

खरं काम यापुढे होतं. जुनी फाइल पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधली, युनिकोड ही आजची सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या फाँटातली. तेव्हाच्या डीटीपीत संगणकाला मराठी कळतच नसे. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. काना वेगळा, रफार वेगळा, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली. जुना फाँट युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून असा मजकूर काढला की 'स्थिती'ची 'िस्थती' होते आणि 'मूर्ती'ची 'मूतीर्'. या चुका निदान डोळ्यांत खुपतात. न खुपणाऱ्या जास्त धोक्याच्या. माझ्या पुस्तकात दऱ्या पानोपानी आहेत. कन्व्हर्टरने त्यातल्या बऱ्याच ठिकाणी 'दर्या' करून टाकलं आणि नाणेघाटाच्या माथ्यावरून खाली थेट समुद्र दिसू लागला. स्पेलचेकर इथे गप्प बसतो, कारण 'दर्या' हाही शब्द आहेच. 'ॲ'चं आणखी वेगळं. कुठे ते एकच अक्षर म्हणून येतं, कुठे 'अ'वर चंद्र ठेवून. दिसायला दोन्ही सारखी, पण वाचकाने 'ॲडव्हेंचर' शोधलं तर एकच प्रकार सापडतो. हे सगळं शोधा-बदला करून आधी एकसारखं करून घेतलं.

आता एक बारकी गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. ई-पब या ई-बुकाच्या फाइलमध्ये मजकुराची भाषा नोंदवायची एक जागा असते. तिथे हिंदी राहिली तर काही फाँट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतात. मराठी नोंदवलं तर आपल्या वळणाचे. फाँटमध्ये दोन्ही रूपं असतील तरच हे होतं, पण होतं तेव्हा पान एकदम आपलं वाटायला लागतं. या कामासाठी कॅलिबर आणि सिजिल ही दोन मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. (कॅलिबर 2006 पासून चालू आहे आणि ते कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरने सुरू केलं, हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं.) डीटीपीवाल्याकडे ई-बुक करायला दिलं तर तो बहुधा पीडीएफ हातात ठेवतो. पीडीएफ म्हणजे छापील पानाचा फोटो. सहा इंची पडद्यावर तो वाचायचा तर भिंग घेऊन बसावं लागतं.

यंत्राबद्दल. ई-इंकच्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत काळे-पांढरे कण विद्युतभाराने वर-खाली होतात. पडदा स्वतः उजळत नाही, वीज मुख्यतः पान बदलताना लागते. म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे चालते आणि उन्हात वाचता येतं. हे सगळं जाहिरातीत असतंच. देवनागरीसाठी महत्त्वाचं आहे ते पडद्याचं घनत्व. माझ्या मित्राकडे 167 पीपीआयचं, म्हणजे इंचाला 167 ठिपक्यांचं, जुनं यंत्र आहे, माझं 300 चं. इंग्रजीत फरक सौम्य वाटतो. मराठीत 'राष्ट्र', 'ब्राह्मण', 'उद्ध्वस्त' असे शब्द लहान आकारात जुन्या पडद्यावर काळे ठिपके होऊन बसतात. घ्यायचं असेल तर 300 च्या खाली जाऊ नका, एवढं माझं स्पष्ट मत.

उणिवाही आहेत. मराठी पुस्तक उघडलं की फाँटची निवड जवळजवळ संपते. शब्दावर बोट ठेवलं तर मराठी अर्थ मिळत नाही. आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात, ते ओळीअखेर नीट तुटत नाहीत, आणि दोन्ही कडा सरळ ठेवल्या की मध्ये भगदाडं पडतात. मी डावीकडे सरळ, उजवीकडे मोकळं असं ठेवूनच वाचतो आणि माझं पुस्तकही तसंच सोडलं आहे. पान क्रमांकांचा गोंधळ वेगळाच. अक्षर मोठं केलं की पानाची ओळख जाते, त्यामुळे वाचक चर्चेत 'पान 84' म्हणाला की मी आपला मान हलवतो.

पण एका कामासाठी हे यंत्र मला आता सोडवत नाही, ते म्हणजे स्वतःच्या हस्तलिखिताचं मुद्रितशोधन. संगणकावर आपण आपलंच लिहिलेलं वाचत नाही, आठवत असतो. तीच फाइल ई-रीडरवर वेगळ्या आकारात, खुर्चीत टेकून वाचली की परिच्छेद परके वाटतात, आणि परके वाटले की त्यांतली चरबी दिसते. जुन्या पुस्तकातला राजमाचीचा लेख मी याच पद्धतीने निम्मा केला. 'विहंगम' हा शब्द तर पुस्तकभर इतक्या वेळा होता की शोध घेतल्यावर मलाच लाज वाटली.

आता पैसे. छापील पुस्तकावर मराठीत साधारण दहा टक्के मानधन ठरतं; 200 रुपयांच्या प्रतीमागे 20 रुपये. किंडलच्या केडीपीत, म्हणजे लेखकाने स्वतः पुस्तक विकायला ठेवायच्या सोयीत, दोन दर आहेत, 35 आणि 70 टक्के. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के हवे असतील तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये घालावं लागतं, म्हणजे 90 दिवस ते डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही विकायचं नाही, बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या संकेतस्थळावरही नाही. छापील प्रतीला ही अट नाही. शिवाय 70 टक्क्यांच्या दरात फाइलच्या आकारानुसार वजावट होते, भारतात मेगाबाइटमागे 7 रुपये. इथे फोटोवाल्या पुस्तकांनी सावध राहावं. किंमत 99 धरली तर वजावटीशिवाय 70 टक्क्यांचे 69 रुपये 30 पैसे झाले असते. फोटोंसकट फाइल 9 एमबीची झाली तर 63 रुपये आधी किमतीतून वजा होतात आणि उरलेल्या 36 च्या 70 टक्क्यांचे लेखकाला मिळतात 25 रुपये 20 पैसे. त्याच पुस्तकावर 35 टक्क्यांत वजावटीशिवाय 34 रुपये 65 पैसे मिळाले असते. मी बरेचसे फोटो काढून टाकले, उरलेले कृष्णधवल करून लहान केले. ई-इंकवर ते तसेही राखाडीच दिसणार होते.

कराचं गणितही अजब. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. ई-बुकावर, 2018 च्या निर्णयानुसार, त्याची छापील आवृत्ती असेल तर 5 टक्के आणि नसेल तर 18. म्हणजे जे पुस्तक कागदावर आलंच नाही, ज्याला खरं तर आधाराची गरज, त्याच्यावर जास्त कर. माझी 2009 ची आवृत्ती इथे अचानक कामाला आली. अमेरिकेतल्या विक्रीवर दोन देशांतल्या करारानुसार 15 टक्के तिकडेच कापले जातात, पण त्यासाठी केडीपीच्या कर-मुलाखतीत पॅन क्रमांक भरावा लागतो. तो न भरता पुढे गेलं तर 30 टक्के जातात. आणि पैसे लगेच येत नाहीत, महिना संपल्यावर साधारण 60 दिवसांनी येतात.

सिलेक्टमध्ये असलेली पुस्तकं किंडल अनलिमिटेड या वर्गणीच्या योजनेच्या सभासदांना वाचता येतात आणि लेखकाला वाचलेल्या पानांचे पैसे मिळतात. एका वाचकाने एक पान पहिल्यांदा वाचलं तेवढंच मोजतात, आणि दर महिन्याला बदलतो. माझ्या मिळकतीत विक्रीपेक्षा हा वाटा मोठा आहे. एकूण रक्कम मात्र महिन्याकाठी चौघांच्या मिसळपावाच्या पलीकडे क्वचितच जाते. यावर घर चालेल असं कुणी सांगत असेल तर त्याची पासबुकं बघायला मागा. पण पानांचा आलेख लेखकाला जे सांगतो ते कुठला प्रकाशक सांगू शकत नाही. शुक्रवारी आणि जोडून सुट्ट्या आल्या की तो चढतो. लोक निघण्याआधी वाचतात, हे मला माहीतच नव्हतं. यानंतर प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला मी रस्त्याची माहिती वर आणली.

परदेशातल्या वाचकांचं म्हणाल तर तिथे ई-बुकाला पर्यायच नाही. न्यू जर्सीतल्या माणसाला पुण्याहून एक पुस्तक पाठवायचं तर टपालखर्च पुस्तकाच्या किमतीला मागे टाकतो. इकडे आमच्या आत्याबाईंना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर छापील अक्षर झेपेना. त्या आता ई-रीडरवर पानाला जेमतेम दहा ओळी येतील एवढं अक्षर करून वाचतात आणि 'अरे, किती चढायला लावतोस' म्हणून मला फोन करतात.

जे मिळत नाही तेही सांगायला हवं. महाराष्ट्रातली मराठी पुस्तकांची बाजारपेठ बऱ्याच अंशी ग्रंथालयांच्या खरेदीवर उभी आहे, आणि गावोगावच्या अ, ब, क, ड वर्गातल्या वाचनालयांच्या कपाटात ई-बुक जात नाही. परीक्षणासाठी संपादक छापील प्रत मागतात. भेट म्हणून फाइल देण्यात मजा नाही. आणि पैसे देऊन ई-बुक घ्यायची सवय आपल्याकडे अजून लागायची आहे. ई-साहित्य प्रतिष्ठानसारख्या संस्था लेखकाच्या संमतीने मोफत पुस्तकं देतात, ते वेगळं. पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफच्या गठ्ठ्यांनी 'डिजिटल म्हणजे फुकट' हे डोक्यात पक्कं केलं आहे.

कविता, पाककृती, नकाशे असलेली पुस्तकं मी तरी अशी काढणार नाही. कवितेची ओळ वाचकाने अक्षर वाढवताच मोडते, आणि कुठे मोडली हे कवीला कधी कळत नाही. कथा, कादंबरी, ललित, चरित्र यांना मात्र हे रूप छान बसतं, त्यातही आवृत्ती संपलेल्यांना. पुढचं पुस्तक मी आधी छापून घेणार, तीनशे प्रती, आणि ई-बुक सहा महिन्यांनी. सिलेक्टची मुदत आपोआप वाढते. ती वाढू नये म्हणून डॅशबोर्डावरची खूण 90 दिवस संपण्याआधी काढावी लागते. ती मी कालच काढली, आता बुकगंगावर काय होतं ते बघायचंय.