जुना बिडाचा तवा की नवा नॉनस्टिक?

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे गंजलेला बिडाचा तवा दिसला, तर लगेच पुढे जाऊ नका. टिचकी मारून बघा. खणखणीत वाजला तर घ्या. बद्द वाजला तर बहुतेक तडा असतो, ठेवून द्या. गंजाला मात्र घाबरायचं कारण नाही, तो घासून निघतो. मग तवा आचेवर कोरडा करायचा, तेलाचा पातळ हात फिरवायचा, धूर येईपर्यंत तापवायचा, निवू द्यायचा आणि पुन्हा तेच, चार-पाच वेळा. तेलाचा काळा, गुळगुळीत थर धरतो. तो गेला तर घरीच पुन्हा चढवता येतो.

नॉनस्टिकचं तसं नाही. टेफ्लॉनचा थर कारखान्यातच बसतो. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे तो खराब होऊ लागतो, आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरणं कुणाला चुकलंय? चरे पडले की तवा भंगारात.

पहिल्या दिवशी नॉनस्टिकच जिंकतो, हे कबूल. हलका, धुवायला सोपा; मनगट दुखणाऱ्या आजीला मीही तोच देईन. बीड जड, हातातून पडलं तर फुटतं. पण घावन? नारळाच्या शेंडीने तेल लावून तापल्या बिडावर पीठ ओतलं की जी जाळी पडते, ती मला नॉनस्टिकवर कधीच जमली नाही.