रील टाकायची की पेनड्राइव्ह घेऊन हिंडायचं?

घरच्या खोलीत गाणी बनवणाऱ्याला दुसऱ्या-तिसऱ्या ट्रॅकनंतर हा प्रश्न पडतोच. रोज रील टाकत बसायचं, की गायक, मंडळं, साउंडवाले यांना जाऊन भेटायचं? मी दोन्ही केलं. पहिलं वर्ष फक्त ऑनलाइन, नंतरची दोन बरीचशी स्कूटरवर.

ऑनलाइनला नावं ठेवणार नाही. बेळगावात टिळकवाडीत बसून केलेली बीट पुण्यातल्या एका रॅपरनं ऐकली आणि स्टेम्स, म्हणजे वाद्यांच्या वेगवेगळ्या फाइली, मागितल्या. स्कूटर तिथवर जात नाही. स्पॉटिफायवर रिलीजच्या निदान सात दिवस आधी पिच केलं, म्हणजे त्यांच्या प्लेलिस्टसाठी सुचवलं, की गाणं फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीत जातं, एवढी शिस्त पाळाच. पैशाची घाई मात्र नको. २०२४ पासून तिथं एका ट्रॅकचे मागच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय रॉयल्टीच धरत नाहीत.

माझं बिनसलं ते वेगळ्याच कारणानं. गणपतीसाठी हलगीवर एक ट्रॅक केला होता. विसर्जनाच्या रात्री कपिलेश्वर तलावाकडं जाणाऱ्या मिरवणुकीत तो दणकून वाजला. मित्राचा फोन आला, "तुझं गाणं वाजवायलेत की रे!" दुसऱ्या दिवशी बघतो तर पंधरा-वीस रील्स, आणि प्रत्येकीवर 'ओरिजिनल ऑडिओ', पुढं मोबाइल धरणाऱ्याचं नाव. शिट्ट्या आणि जनरेटरच्या गोंगाटात गाणं ओळखलं तरी कसं जाणार म्हणा. एकाला मेसेज केला, गाणं माझं आहे, टॅग करशील का? उत्तर आलं, "कशावरून?" गाण्याच्या सुरुवातीला माझं नाव बोललेला व्हॉइस टॅग होता, तो साउंडवाल्यानं कापून टाकला होता.

मग पेनड्राइव्ह घेऊन त्याच्याकडंच गेलो. चहा झाला. टॅग का कापला विचारलं तर म्हणाला, "त्या चार सेकंदात पोरं नाचायची थांबत्यात." बरोबरच होतं त्याचं. शिवाय तिथं उभं राहून ऐकल्यावर कळलं, त्याचा अख्खा सेटअप मोनो, डावं-उजवं सगळं एकच. मी डावी-उजवीकडं फिरवलेली हलगी निम्मी गायबच. घरी येऊन मिक्स बदलला आणि नाव आत, ठोका थांबतो त्या फटीत बसवलं. तिथं कापलं तर ताल मोडतो. त्याच्याकडून पुढं दोन मंडळं मिळाली, एका मंडळातून खानापूरचा गायक, त्याच्यामुळं चंदगडचं काम. त्यातल्या कुणी 'कशावरून' विचारलं नाही.

या वाटेलाही काटे आहेत. "सण झाल्यावर बघू की" म्हणजे दिवाळी उलटते, म्हणून मी आता निम्मे पैसे आधी घेतो. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि फाइलच्याच नावात स्वतःचं नाव घाला.

तुम्ही लो-फाय किंवा अँबियंट असलं शांत, संथ संगीत करत असाल तर गल्लीत हिंडून फारसं हाती लागेल असं वाटत नाही. तुमचा श्रोता हेडफोन लावून कुठंतरी लांब बसलाय. पण ज्याचं गाणं रस्त्यावर वाजणार आहे, त्यानं आधी रस्त्यावरच्या माणसाला भेटावं असं मला आपलं वाटतं.

रील्स सोडल्या नाहीत. यंदा एकच टाकली: साउंडवाला गोडाउनमध्ये बेसच्या बॉक्सवर बसून त्या कापलेल्या टॅगची गोष्ट सांगतोय. खाली नंबर त्याचाच दिलाय. कामं तशीही त्याच्याकडूनच येतात.